चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आजीची पितळी भांडी काढताय?

मांडायला बिनधास्त काढा, पण वाढण्याआधी प्रत्येक भांड्यात आतून डोकवा. कैरीची डाळ आणि पन्हं दोन्ही आंबट, आणि नेमकी हीच दोन पितळेशी भांडतात. आतला रुपेरी थर अखंड असेल तर कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, शाबूत आहे. मधूनच पिवळे किंवा तांबूस डाग दिसले तर कल्हई उडालीय, तिथे आंबट कळकतं आणि पोटालाही बाधतं. इंदुरात कसेरा बाजारात कल्हईवाल्याची चौकशी करा, पण सणाच्या तोंडावर जाऊ नका. कल्हईच्या भांड्याला तारेचा चोथा लावायचा नाही आणि ते रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. कथील 232 अंशांनाच वितळतं.

कल्हईला वेळ नसेल तर पितळी पातेल्यात काचेचा वाडगा बसवा, कुणाला कळतही नाही. पन्हं काचेच्या नाहीतर स्टीलच्या पेल्यांत. तांब्याचे पेले कितीही देखणे असोत, त्यांत फक्त पाणी आणि वाळ्याची जुडी.

भांडी बाहेरून चिंच-मिठाने घासून लगेच कोरडी पुसा; पाणी तसंच वाळलं की डाग पडतात. हे काम आदल्या दिवशीच, आठवडाभर आधी घासलेलं पितळ पुन्हा मंदावतं. गुलाबदाणीची भोकं सुईने मोकळी करून पाणी शिंपडून बघा.

ओटीचे हरभरे रात्रभर भिजले की जवळजवळ दुप्पट होतात, त्या हिशेबाने परात निवडा. मोगरा मात्र संध्याकाळीच मांडा. इथल्या एप्रिलच्या दुपारी तो टिकत नाही.