मोठ्या आतड्याच्या कर्करोगानंतर अ‍ॅस्पिरिन आणि मेटफॉर्मिन: आधी गाठीची तपासणी

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना मधुमेह नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर वाचून अ‍ॅस्पिरिन व मेटफॉर्मिन सुरू करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मेटफॉर्मिनचे आधी आटोपतो. मधुमेहाचे हे औषध घेणारे रुग्ण कर्करोगानंतर अधिक जगतात, असे जुन्या नोंदींवरून वाटत असे. पण त्यात एक मेख होती. जो पाच वर्षे गोळी घेतो तो मुळात पाच वर्षे जगलेला असतोच, आणि ते जगणे गोळीच्या खाती जमा होते. पुढे मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा, ज्या मुख्य गटासाठी ती आखली होती त्यात, पाच वर्षे मेटफॉर्मिन घेऊनही रोग उलटण्याचे प्रमाण कमी झालेले नव्हते. केवळ कर्करोगासाठी ते सुरू करू नये, असे माझे मत आहे.

अ‍ॅस्पिरिनला मात्र असे झटकून टाकता येत नाही. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधील चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. त्यात पीआयके३सीए या जनुकात ठरावीक बदल असलेल्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के रुग्णांत रोग उलटला, तर नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १४.१ टक्के होते. याउलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बहुतांश सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ धडधाकट व्यक्तींच्या चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्येच कर्करोगाने झालेले मृत्यू किंचित अधिक निघाले (३.१ टक्के, नकली गोळीच्या गटात २.३). गोळी तीच, माणसे निराळी, आणि पहिल्या चाचणीत गाठ पारखून घेतलेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात नेमके हेच गळते.

म्हणून गोळीआधी गाठीकडे पाहावे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) रुग्णालयाचा पॅथॉलॉजी विभाग सहसा जपून ठेवतो आणि त्यांवरून जनुकीय तपासणी करता येते. ती करावी का, हे ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) विचारा. त्याच भेटीत वडिलांचे वय, पूर्वीचा अल्सर आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव आवर्जून सांगा, कारण अ‍ॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय केमोसाठी कॅपेसिटाबिन दिले जात असेल, तर वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीच चालू असेल, तर ते स्वतःहून बंदही करू नका.