प्रायव्हसी ब्लॉकचेनवर ठेवलेली वैयक्तिक माहिती खरंच सुरक्षित असते का?

तुम्ही विचारलंय की ओळखपत्रं, आरोग्याचे अहवाल वगैरे 'प्रायव्हसी ब्लॉकचेन'वर (ब्लॉकचेन किंवा चेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या प्रती असलेली नोंदवही; 'प्रायव्हसी' म्हणजे त्यातल्या नोंदी झाकण्याचा दावा करणारी) चालणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये ठेवले, तर ते कंपन्यांच्या आणि चोरांच्या हाती लागण्यापासून वाचतील का. ॲपवाले म्हणतात की तुमचा डेटा आमच्याकडे येतच नाही. माझं थेट उत्तर: तुमची माहिती चेनवर जात असेल, अगदी एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात का होईना, तर त्या वाटेला जाऊ नका. माहिती तुमच्याच फोनवर राहून चेनवर तिच्याबद्दलचा फक्त एक पुरावा जात असेल, तर विचार करण्याजोगं आहे.

ब्लॉकचेनचा जन्म काही लपवण्यासाठी झालेला नाही. जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइन सुरू झालं तेच मुळी या कल्पनेवर, की हिशेबाची वही सगळ्यांकडे असावी आणि ती कुणालाही तपासता यावी. वहीत नाव नसतं, अक्षर-अंकांचा लांबलचक पत्ता असतो, म्हणून वापरणाऱ्याला वाटतं आपण कुणाला दिसत नाही. एकदा करून बघा. ओळखीच्या कुणी क्रिप्टोत पैसे मागताना पाठवलेला पत्ता घ्या आणि ब्लॉक एक्सप्लोररच्या, म्हणजे ही वही वाचून दाखवणाऱ्या साइटच्या, चौकटीत चिकटवा. त्या पत्त्यावर आजवर किती आले, कधी आले, कुठून आले, पुढे कुठे गेले, आत्ता शिल्लक किती, सगळं समोर येतं. लॉगिन लागत नाही, परवानगी लागत नाही. 2016 मध्ये बिटफिनेक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून 1,19,754 बिटकॉइन चोरीला गेले. ते नाना वाटांनी फिरवले गेले, तरी फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यातले 94,000 हून जास्त जप्त केल्याचं जाहीर केलं. इतक्या वर्षांनीही माग वहीत जसाच्या तसा होता. चोरांच्या बाबतीत हे ठीकच झालं, पण वही चोर आणि साव असा भेद करत नाही.

यावर ॲपवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: 'आम्ही चेनवर माहिती टाकत नाही, तिचा हॅश टाकतो, आणि हॅशवरून मूळ माहिती काढता येत नाही.' हॅश म्हणजे माहितीवरून ठरलेल्या सूत्राने काढलेला ठसा; तीच माहिती दिली की दर वेळी तोच ठसा येतो. इथे जरा थांबायला हवं, कारण हे वाक्य अर्धंच खरं आहे. हॅश उलटा फिरवता येत नाही हे बरोबर. पण तो उलटा फिरवायची गरजच काय? दहा आकडी फोन नंबर एकूण शक्य आहेत एक हजार कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळणारा शोधणं हे आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला फार तर काही सेकंदांचं काम. जन्मतारखेचं तर विचारूच नका, शंभर वर्षांत तारखा भरतात साडेछत्तीस हजार.

हे कागदावरचं गणित नाही. न्यूयॉर्क शहरातल्या 2013 सालच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा 2014 मध्ये बाहेर आला, सुमारे 17 कोटी 30 लाख फेऱ्या. टॅक्सीचे आणि चालकांचे परवाना क्रमांक हॅश करून 'लपवले' होते. पण परवाना क्रमांकांचे साचे ठरलेले, म्हणजे शक्यता मोजक्या. काही तासांतच सगळे क्रमांक उघडे पडले. पुढे कुणीतरी प्रसिद्ध व्यक्तींचे टॅक्सीत चढतानाचे छायाचित्रकारांनी काढलेले फोटो घेतले, त्यातला टॅक्सीचा क्रमांक आणि वेळ डेटाशी जुळवली, आणि कोण कुठे उतरलं, भाडं किती दिलं हे शोधून काढलं. हा साधा डेटा होता, ब्लॉकचेन नव्हे, त्यामुळे निदान मूळ फाइल काढून टाकण्याची सोय तरी होती. चेनवर गेलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हॅश काढण्याआधी माहितीत एक लांब, यादृच्छिक आणि गुप्त आकडा मिसळला तर हा हल्ला चालत नाही. तुमच्या ॲपच्या तांत्रिक माहितीपत्रात त्याचा उल्लेख आहे का, ते बघा.

एन्क्रिप्ट करून चेनवर ठेवण्याबद्दल माझं मत आणखी कडक आहे. आज फुटत नाही म्हणून दहा वर्षांनी फुटणार नाही असं कुणीही सांगू शकत नाही, आणि प्रती तर जगभर पसरलेल्या. सीक्रेट नेटवर्क ही नावाप्रमाणे गुप्ततेसाठीच बनवलेली चेन. तिची सारी मदार इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एका 'सुरक्षित कप्प्या'वर होती. 2022 मध्ये त्या प्रोसेसरमध्येच दोष निघाला आणि संशोधकांनी तो वापरून नेटवर्कची मुख्य किल्ली बाहेर काढून दाखवली, जिच्याने तिथले आधीचे खासगी व्यवहारही वाचता आले असते. त्यांनी सांगितल्यावर दोष बुजवला गेला. पण ती किल्ली आधीच दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती, तर जुने व्यवहार परत झाकायला कोणताही अपडेट उपयोगी पडला नसता.

मग या सगळ्यात कामाचं काय? झिरो-नॉलेज प्रूफ. एखादी गोष्ट खरी आहे हे ती गोष्ट न सांगता पटवून देण्याचं हे गणित. गोल्डवॉसर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी 1985 मध्ये ते मांडलं, म्हणजे ब्लॉकचेनच्या कितीतरी आधी. समजा एखाद्या साइटला तुमचं वय 18 च्या वर आहे एवढंच हवंय. आज तुम्ही ओळखपत्राचा फोटो चढवता आणि त्याबरोबर नाव, पत्ता, जन्मतारीख, क्रमांक, चेहरा सगळं देऊन बसता. तो फोटो पुढे कुणाच्या सर्व्हरवर किती वर्षं पडून राहणार याचा पत्ता नाही. नव्या पद्धतीत ओळखपत्र देणारी संस्था डिजिटल सही केलेलं प्रमाणपत्र तुमच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ल्या आणि प्रमाणपत्रं ठेवणाऱ्या ॲपमध्ये देते. साइटने विचारलं की फोन त्यावरून पुरावा तयार करतो, आणि साइटला कळतं इतकंच: '18 च्या वर, होय, सही खरी.' जन्मतारीख फोनबाहेर जातच नाही. सहीची पद्धत नीट निवडली असेल, तर दोन वेगवेगळ्या साइट्सना आपल्याकडे आलेला माणूस एकच आहे हेसुद्धा जुळवता येत नाही.

यात ब्लॉकचेनचं काम किती, तर अगदी थोडं: सही करणाऱ्या संस्थेची सार्वजनिक किल्ली (जिच्याने तिची सही खरी आहे का ते कुणालाही तपासता येतं) आणि रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची नोंद अशा जागी ठेवणं, जिथे ती गुपचूप बदलता येणार नाही. खरं सांगायचं तर त्यासाठीही ब्लॉकचेन लागतेच असं नाही. विकेंद्रित ओळखीचं, म्हणजे कुठल्या एका कंपनीवर अवलंबून नसलेल्या ओळखीचं, मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेकडून जुलै 2022 मध्ये आलं, त्यातही तिची सक्ती नाही. जाहिरातीत मात्र ब्लॉकचेन ठळक अक्षरांत आणि हे गणित तळटीपेत असतं.

मोनेरो आणि झीकॅश या क्रिप्टो-चलनांची नावं तुमच्या कानावर येतील. ती पैशांचे व्यवहार झाकण्यासाठी आहेत, कागदपत्रांसाठी नाहीत. मोनेरोत झाकणं सक्तीचं आहे: पाठवणाऱ्याच्या खऱ्या नोंदीत चकवा म्हणून इतरांच्या 15 नोंदी मिसळल्या जातात, रक्कम झाकली जाते आणि घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा पत्ता तयार होतो. झीकॅश 2016 मध्ये झिरो-नॉलेज प्रूफ वापरूनच आलं, पण त्यात उघडे आणि झाकलेले असे दोन्ही पत्ते चालतात. उघड्या पत्त्यावरून झाकलेल्या पत्त्यावर टाकलेली रक्कम थोड्याच वेळात तितकीच्या तितकी दुसऱ्या उघड्या पत्त्यावर बाहेर काढली, तर मधलं सगळं गणित फुकट.

आणि बहुतेकांची माहिती फुटते ती चेनच्या बाहेर, हे तर फार कमी जण लक्षात घेतात. लेजर ही क्रिप्टोच्या किल्ल्या ठेवायची उपकरणं विकणारी कंपनी. 2020 मध्ये तिच्या विक्री-विपणनाच्या डेटाबेसमधून दहा लाखांवर ईमेल आणि सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर चोरीला गेले. उपकरणाला धक्का लागला नाही, चेनलाही नाही. पण किल्ल्या जपायला सर्वात जास्त धडपडणारे लोक कोण आणि ते राहतात कुठे, याची आयती यादी चोरांच्या हाती पडली, आणि त्यांना धमक्यांचे ईमेल येऊ लागले. तसंच, वॉलेट ॲप चेनशी बोलतं ते सहसा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरमार्फत. त्या सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वॉलेटचा पत्ता एकत्रच दिसतात.

कायद्याचं एकच सांगतो. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातलं 17 वं कलम माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं, आणि चेनवरून काही पुसता येत नाही. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने 2018 मध्येच सांगितलं होतं की वैयक्तिक माहिती शक्यतो उघड्या रूपात चेनवर टाकूच नका. तुम्ही युरोपात असा किंवा नसा, सल्ला पाळण्यासारखा आहे.

आता तुमच्या ॲपबद्दल. माहितीपत्रं वाचत बसण्यापेक्षा एक चाचणी करा. खऱ्या कागदांऐवजी काहीतरी निरुपयोगी फाइल त्यात टाका. मग दुसरा कोरा फोन घ्या, ज्यावर तुमचं क्लाउड खातं जोडलेलं नाही. त्यावर ॲप टाका, 'पासवर्ड विसरलो' दाबा आणि ईमेलवर आलेल्या कोडने आत शिरा. फाइल आपोआप उघडली, तर तिची किल्ली तुम्ही या फोनवर आणलेली नाही, म्हणजे ती त्यांच्याकडूनच आली. आमच्याकडे काही येत नाही हा दावा तिथेच निकालात निघाला. फाइल उघडली नाही आणि ॲपने सुरुवातीला लिहून घ्यायला लावलेले 12 किंवा 24 शब्द (हीच तुमची किल्ली) मागितले, तर दावा बराचसा खरा. मग ते शब्द कागदावर लिहून दोन जागी ठेवा, फोटो काढू नका. ते हरवले तर दाद मागायला कुठलंही हेल्पलाइन नाही.