इंजिन उतरवू नकोस, आधी पेट्रोलचं झाकण बघ

अगं पोरी,

काल रात्री फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तू ए-४६ रस्त्यावर केनिलवर्थच्या अलीकडं पावसात गाडी बाजूला घेऊन उभी, आणि रडत रडत म्हणालीस की काका आता बास झालं, हिचं इंजिनच उतरवते, सगळी गाडी खोलते आणि एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावते. तेव्हा मी फक्त रिकव्हरीवाला येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो, कारण अशा वेळी कोणी काही शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. आता सकाळ झालीय, गाडी दारात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे इंजिन उतरवू नकोस. मी १९९४ ला इथं इंग्लंडला आलो तेव्हापासून या देशात कितीतरी गॅरेजांमध्ये तुझ्या गाडीसारख्या एमजीबी, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, बघितल्यात ज्या कुणीतरी "एकदाच काय ते" म्हणून खोलल्या आणि मग दहा-दहा वर्षं खोक्यांत पडून राहिल्या, नट-बोल्ट कुठले कुठं गेले ते कळेना, लग्न झालं, पोरं झाली, घर बदललं, आणि शेवटी ती खोकी कवडीमोलानं विकली. त्या माणसांना गाडीवर प्रेम नव्हतं असं अजिबात नाही, उलट जास्तच होतं. पण खोललेली गाडी चालवता येत नाही, आणि जी गाडी चालवता येत नाही तिच्यासाठी थंडीत उठून हात काळे करायची इच्छा हळूहळू मरते. तुझी गाडी आज २० मिनिटं तरी चालते ना? मग ती चालती गाडी आहे. तिला चालतीच ठेवायची आणि एका वेळी एकच काम काढायचं.

तू सांगितलंस की गेल्या दोन महिन्यांत कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले, दोन्ही कार्ब्युरेटर खोलून किट टाकले आणि आता पंपसुद्धा नवीन. ४०० पौंड गेले, विद्यार्थ्याला ४०० पौंड म्हणजे काय ते मला माहितीय. पण मी विचारलं की गाडी बंद पडते त्या क्षणी पंपाचा आवाज येतो का, तर तू म्हणालीस लक्ष नाही दिलं. इथंच सगळा त्रास आहे बघ. पार्ट बदलणं हे काम केल्यासारखं वाटतं, रात्री समाधानानं झोप लागते, पण बिघाड कुठं आहे हे त्यातून कळत नाही, आणि पाच पार्ट एकदम बदलले की त्यातला एखादा नवा पार्टच खराब निघाला तर तू आता दोन बिघाड शोधतेयस आणि तुला वाटतंय एकच आहे. नवा म्हणजे चांगला असं या गाड्यांत नाही. माझा एक नवा रोटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा छोटा पार्ट, तिसऱ्या दिवशी गेला होता, दुकानाचं नाव नाही सांगत, पण जुना चालू असलेला मी कचऱ्यात टाकला होता म्हणून चार दिवस गाडी उभी राहिली. काढलेला चालता पार्ट पुसून, चिठ्ठी लावून डब्यात ठेव.

आता पंप. तुझी १९७३ ची आहे, पंप मागच्या उजव्या चाकाजवळ खाली बसवलेला असतो, इलेक्ट्रिक. चावी फिरवून सेल्फ मारू नकोस, नुसतं थांब आणि ऐक. टक टक टक टक असा भराभर आवाज येईल, मग मंदावत जाईल आणि थांबेल, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. आवाजच आला नाही तर पंपाला करंट नाही किंवा त्याचे पॉइंट चिकटलेत. थांबतच नसेल, टकटकतच राहिला, तर कुठंतरी पेट्रोल गळतंय किंवा तो हवा ओढतोय, आणि असं असेल तर लगेच चावी बंद करून गाडीखाली बघ. एवढ्या एका आवाजावरून अर्धं निदान होतं, फुकटात.

माझी २००३ साली घेतलेली गाडी अगदी तुझ्यासारखीच करायची. वीस-पंचवीस मिनिटं मस्त, मग खोकायला लागायची, बंद. अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नाही. मी तीन महिने इग्निशनच्या मागं लागलो, सगळं म्हणजे सगळं बदललं. आणि एके दिवशी अशीच बंद पडलेली असताना पेट्रोल आहे का बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं तर मोठ्यानं फुस्स्स असा आवाज आला, हवा आत ओढली गेली, आणि मागं पंप, जो इतका वेळ कण्हल्यासारखा अडखळत होता, तो एकदम टकटकायला लागला. या गाडीच्या टाकीत हवा झाकणातून जाते. आधीच्या मालकानं भोक नसलेलं झाकण लावलं होतं, पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला ओढता यायचं नाही. थांबलं की हवा हळूहळू कुठूनतरी शिरायची आणि गाडी चालू. तुझं हेच असेल असं मी म्हणत नाही, गरम झाल्यावर कंडेन्सर गेला तरी बऱ्यापैकी असंच होतं, पण झाकण उघडून बघायला काय लागतं.

हे इंजिन मला परकं वाटत नाही, का ते तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. शाळेच्या सुट्टीत मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या हाताखाली होतो, तिथं सगळ्या ॲम्बेसिडर यायच्या. त्या जुन्या पेट्रोल ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुझ्या गाडीतलं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. इथं आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बोनेट उघडलेलं बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच, इतक्या लांब येऊन ओळखीचं माणूस भेटावं तसं. तर ते मेस्त्री आम्हाला पाना हातात देण्याआधी विचारायचे, "काय बघितलंस? काय ऐकलंस?" आणि वाटतंय, असेल बहुतेक असलं काही बोललं की परत पाठवायचे गाडीकडं. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप १५ थाऊ, प्लगचा २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हे मी त्यांच्याकडंच फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात धरून शिकलो, आणि तुझ्या गाडीलाही हेच आकडे चालतात.

पान्यांवरून आठवलं. तू फोटो पाठवलास त्यात दोन नटांचे कोपरे पार गोल झालेत. ही गाडी इंचातली आहे बाई. तुझ्याकडचा सेट मिलिमीटरचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तू १३ चा पाना लावलास की तो बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो आणि नट मारतो. ७/१६ ला ११ चा बसतच नाही आणि १२ चा सैल. जुन्या बाजारात इंचाचे पाने स्वस्तात मिळतात, ७/१६, १/२, ९/१६ एवढे तीन आले तरी तुझी बरीचशी कामं होतील. आणि जाम झालेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेव, सकाळी ये. घाईत तुटलेला एक स्टड काढायला आख्खा रविवार जातो.

वायरिंगचं मात्र तू म्हणालीस तसं जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वायरिंगच वाईट असतं, हे मला पटत नाही. ते साधं आणि शिस्तीत आहे. तपकिरी वायर म्हणजे कायम करंट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून आलेली, जांभळी म्हणजे कायम करंट पण फ्यूजमधून, काळी म्हणजे अर्थ. एवढं पाठ केलंस की अंधारातसुद्धा रस्ता सापडतो. वाईट असतं ते पन्नास वर्षांत आधीच्या मालकांनी केलेलं, रेडिओसाठी कुठंतरी वायर सोलून चिकटवलेली, हॉर्न वाजेना म्हणून भलतीच लाल वायर ओढलेली. आणि अर्थिंग. सीटच्या मागं फळीखाली दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत, तिथं कोणी वर्षानुवर्षं हात घालत नाही, तिथला अर्थचा बोल्ट काढून, पत्रा चकचकीत घासून, व्हॅसलिन लावून परत घट्ट कर. कदाचित तुझे मिणमिणते हेडलाइट तेवढ्यानंच सुधारतील.

पेट्रोल कुठलं टाकतेस? इथं सप्टेंबर २०२१ पासून साधं अनलेडेड म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि ते इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना खातं. महागडं ई-५ टाक, त्यात इथेनॉल कमी असतं, आणि पाइप दाबून बघ, चिकट किंवा मऊ लागला तर लगेच बदल, इथं कंजुषी नको, हे आगीचं काम आहे.

आणि एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. इंजिनाच्या नादात तू दारांखालच्या पट्ट्या बघितल्याच नाहीस, इथं ज्याला सिल म्हणतात त्या. तुझ्या गाडीला छप्पर नाही, त्यामुळं सगळी गाडी त्या सिलवर तोललेली असते, आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात ते आत जाऊन बसतं. वरून रंग छान दिसतो. जॅक लावून गाडी थोडी उचल आणि दाराच्या मागच्या फटीवर बोट ठेव, फट वरच्या बाजूला कमी होत गेली किंवा दार अडकायला लागलं तर आतला पत्रा गेलाय. तसं असेल तर वेल्डिंग करताना दार लावून, आतून आडवी पट्टी मारून मगच जुना पत्रा कापायचा. माझ्या गाडीला हे एका माणसानं न करता कापलं, गाडी मधून बसली, आणि डाव्या बाजूचं दार सहा वर्षं मी खांद्यानं ढकलून लावत होतो. म्हणून ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, लागत नाही तरी तू दरवर्षी करून घे, कोणीतरी नीट खालून बघितलेलं असावं. तू त्या गाडीत बसतेस, मला तुझी काळजी वाटते.

पैशाचं तू बोलली नाहीस पण मला कळतं. महिन्याला एक रक्कम ठरव, त्यापलीकडं नाही, आणि वही कर. तारीख, किती मैल झाले, काय लक्षण दिसलं, काय केलं, काय फरक पडला. कालची रात्र पहिल्या पानावर लिही, किती मिनिटांनी बंद पडली, चढ होता का, टाकी किती भरलेली होती, सगळं.

मी शनिवारी सकाळी कॉव्हेंट्रीला येतो, पाने आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट आहे का बघायचा दिवा, घेऊन. तोवर इंजिनाचा एकही नट फिरवू नकोस. फक्त घराभोवती फेऱ्या मार, बंद पडली की चावी तशीच चालू ठेवून मागं जा, पंपाचा आवाज ऐक, मग झाकण उघड, आणि काय ऐकू आलं ते मला लगेच सांग, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

तुझा,
काका