देवाचा धाक नसेल तर?

प्रश्न : सर, आम्ही विडी घरकुलात राहतो. मी आणि सासूबाई घरी विड्या वळतो. मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी तो म्हणाला, ‘मी देव मानत नाही, मंदिरात येणार नाही.’ सासूबाईंनी धसकाच घेतलाय. त्या म्हणतात, ज्याला देवाचा धाक नाही तो उद्या कुणाचा गळा कापायलाही मागेपुढे बघायचा नाही. मुलगा म्हणतो, ‘आपल्या विड्या तपासणारा चेकर रोज उदबत्ती लावून कामाला बसतो आणि चांगल्या विड्या छाट, म्हणजे नाकारलेला माल, म्हणून काढून घेतो, त्याला कुठला धाक?’ मला दोघांचंही पटतं. देवाने सांगितलं नसतं, तर चांगलं-वाईट उरलंच नसतं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी माझं सांगतो. मी देव मानतो. यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा मी शक्यतो चुकवत नाही. तरीही माझं उत्तर असं, की चांगलं-वाईट उरलंच असतं.

त्या चेकरचंच बघा. तुम्ही पानं भिजवली, मापाने कातरली, तंबाखू भरली, टोकं दुमडली, दोरा बांधला. त्यातल्या मूठभर विड्या त्याने बाजूला सारल्या आणि त्यांची मजुरी बुडाली. हे वाईट कशामुळे ठरलं? तुमच्या कष्टाचा पैसा तुमच्या हातात पडला नाही, यामुळे. विड्या द्यायच्या रांगेत कुणी सिद्धेश्वराला नवस बोललेली असते, कुणी दर्ग्यात जाणारी, कुणी चर्चमध्ये. पण चांगली विडी छाटेत जाणं बरोबर, असं त्यांच्यातली एक तरी म्हणेल का?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला भरला गेला. खटल्याच्या तोंडावर कोर्टाच्या दारात त्याला युथिफ्रो नावाचा माणूस भेटतो, असा प्रसंग त्याचा शिष्य प्लेटोने लिहिलाय. युथिफ्रो बापावरच खुनाचा खटला भरायला आलाय. एका मजुराच्या हातून गुलाम मारला गेला. बापाने त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि तो तिथेच मेला. बापाविरुद्ध जाणं हेच धर्माचं आहे, असं युथिफ्रो ठासून सांगतो. सॉक्रेटिस विचारतो : एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते? युथिफ्रोला शेवटपर्यंत धड उत्तर देता येत नाही आणि कामाचं निमित्त काढून तो निघून जातो.

देवाला आवडतं म्हणूनच ते चांगलं, ही दुसरी बाजू धरली, की पंचाईत होते. उद्या कुणी ‘देवाची आज्ञा आहे, शेजाऱ्याला मार’ म्हणाला, तर तेही चांगलं ठरेल. आपण तसं मानत नाही. ‘देव असं सांगणारच नाही,’ असं सासूबाई लगेच म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. पण हे त्यांना कळलं कुठून? चांगलं काय याची जाण त्यांना आधीच आहे, आणि त्याच जाणिवेने त्या आज्ञा पारखतात.

बसवेश्वरांचं एक वचन आपल्या भागात कितीतरी घरांत पाठ असतं. चोरी करू नको, हत्या करू नको, खोटं बोलू नको, असं सांगत शेवटी ते म्हणतात, कूडलसंगमदेवाला, म्हणजे त्यांच्या आराध्याला, प्रसन्न करायचा मार्ग हाच. मी ते असं वाचतो : या गोष्टी चांगल्या आहेत, म्हणून देव त्यांनी प्रसन्न होतो. आणि जैनांकडे बघा. जग निर्माण करून आज्ञा देणारा ईश्वर ते मानत नाहीत, पण अहिंसा त्यांच्याइतकी कडक पाळणारे क्वचितच सापडतील.

सासूबाईंची भीती मात्र उडवून लावू नका. अन्याय करणारा सुटून जातो, तेव्हा ‘वर हिशेब आहे’ या भरवशावर माणूस दिवस काढतो. मलाही त्याचाच आधार वाटतो. तो आधार मुलाकडे नाही, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्याच्या सचोटीबद्दल शंका कशाला? छाटेचा अन्याय त्याला दिसतो, आईच्या कष्टाची त्याला चाड आहे. त्याला मंदिरात ओढू नका आणि सासूबाईंच्या पूजेवर त्यालाही बोलू देऊ नका.

छाटेचं म्हणाल, तर 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे तंटे सोडवायची सोय केली होती. आता नवे कामगार कायदे आलेत, तेव्हा आज दाद कुठे मागायची हे युनियनमध्ये विचारा. दर खेपेला किती विड्या दिल्या, किती छाटेत गेल्या, हे मुलाला वहीत लिहायला लावा. आणि वही घेऊन युनियनच्या ऑफिसात जाताना त्याच्याबरोबर सासूबाईंनाही न्या.