इग्वानाला मराठीत घोरपड म्हणायचं का? आणि इग्वाना हा शब्द मूळ कुठला?

नाही हो, घोरपड वेगळी आणि इग्वाना वेगळा. पण आधी शब्दाचं सांगतो, मला तेच जास्त आवडतं.

हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, ते या मोठ्या सरड्याला इवाना म्हणायचे. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबसच्या माणसांनी बहामात असा एक प्राणी मारला, तो इग्वानाच असणार असं मानतात, पण रोजनिशीत त्याला चक्क साप म्हटलंय कारण त्यांच्याकडे त्याच्यासाठी शब्दच नव्हता. पुढे स्पॅनिश लोकांनी तिथलाच शब्द उचलला, आणि त्यांच्या लिखाणात तो 'व' गु लावून लिहायची पद्धत, म्हणून इवानाचा झाला इग्वाना. हॅमॉक (टांगायची झोळी), हरिकेन (चक्रीवादळ) हे इंग्रजीतले शब्दपण मुळात ताईनोंचेच. आणि आपला बटाटा! त्यांच्याकडे बटाटा म्हणजे रताळं, मग पोर्तुगीजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला आणि भलत्याच कंदाला चिकटला. ताईनोंचा शब्द आपण रोज भाजी घेताना वापरतो, मला हे कळलं तेव्हा दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

आता घोरपड. पुण्यात ओळखीच्यांनी हिरवा इग्वाना पाळलाय, मी स्वतः त्याला जास्वंदीचं फूल भरवलंय. जीभ जाड, मांसल, गुलाबी, फूल अलगद ओढून घेतो आणि चावत बसतो, कारण तो मुख्यतः पालाच खातो. गावी आमच्या बांधावर घोरपड येते तिची जीभ बघा, लांब, सापासारखी दुभंगलेली, सारखी आत-बाहेर, आणि खाणं म्हणजे किडे, अंडी, उंदीर. दोघांची कुळंच वेगळी. ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रजांनीपण हाच घोळ घातला, तिथल्या घोरपडींना इग्वाना म्हणायला लागले आणि त्याचं बोलता बोलता गोआना झालं, ते नाव अजून चालू आहे.

डायनासोरवाला इग्वानोडॉनपण यातूनच आलाय. गिडियन मँटेल या इंग्रज डॉक्टरला सापडलेले दात इग्वानाच्या दातांसारखे होते, फक्त कितीतरी मोठे, म्हणून त्याने १८२५ मध्ये नाव दिलं इग्वानाचा दात.

तर मराठीत लिहिताना सरळ इग्वाना लिहा. घोरपड लिहिलंत तर कुणाला वाटेल घोरपडपण घरी पाळता येते, आणि तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.