व्हिसा बुलेटिनमधील तारीख आणि तुमची प्रतीक्षा

तुम्ही कळवले आहे की पुण्यातील कंपनी तुम्हाला अमेरिकेत पाठवू इच्छिते, तुमचा जन्म नाशिकचा आहे आणि मुलगी सहा वर्षांची आहे. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक तक्त्यात, भारतासाठी ईबी-२ ची (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांतील उच्चशिक्षितांच्या वर्गाची) तारीख १ एप्रिल २०१३ पाहून तुम्ही साडेबारा वर्षांची प्रतीक्षा गृहीत धरली आहे आणि तेवढ्या तयारीने निघावे का, असे विचारले आहे. मी न्यू जर्सीत याच रांगेत आहे आणि माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, २०१६ ची आहे. माझ्या मते तुमचा हिशेब मुळातच चुकीच्या आकड्यावर उभा आहे.

त्या तारखेचा अर्थ इतकाच, की ज्यांची प्रायॉरिटी डेट १ एप्रिल २०१३ च्या आधीची आहे, त्यांना त्या महिन्यात ग्रीन कार्ड मिळू शकते. आज रांगेत शिरणाऱ्याला किती काळ लागेल, हे त्यावरून कळत नाही. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात. त्यांपैकी २८.६ टक्के, म्हणजे जवळपास ४०,००० ईबी-२ ची, आणि एका देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यांतली ढोबळमानाने २,८०० येतात. जोडीदार आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात, म्हणजे तुमच्या एका अर्जाला तीन कार्डे लागतील. इतर देशांची न वापरलेली कार्डे भारताकडे वळतात खरी, पण दर वर्षी नव्याने येणारे अर्जदार सुटणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक राहिले आहेत. त्यामुळे तुमच्या पुढे असलेली रांग २०१३ मध्ये आलेल्या माणसापुढे होती त्याहून बरीच लांब असेल, आणि साडेबारा हा आकडा फार आशावादी आहे.

तारीख मागेही जाते, आणि त्याला इथे सगळे रेट्रोग्रेशन म्हणतात. कोविडकाळात कुटुंबाधारित व्हिसा न वापरले गेल्यामुळे ते रोजगाराच्या वाट्याला आले. त्या लाटेत सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनमध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती १ जानेवारी २०११ वर परत आली. मधल्या काळात ज्यांनी आय-४८५ हा अंतिम अर्ज भरला होता, त्यांचे अर्ज बाद झाले नाहीत. निर्णय थांबला, पण कामाचा परवाना हाती राहिला आणि अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यावर त्याच प्रकारच्या कामात नोकरी बदलण्याची मुभाही मिळाली. म्हणून बुलेटिनमधले दोन्ही तक्ते पाहावेत. फायनल अॅक्शन डेट्सवरून कार्ड कोणाला मिळेल ते कळते, तर डेट्स फॉर फायलिंगवरून अर्ज कोण भरू शकेल ते. यांपैकी कोणता तक्ता अर्ज भरण्यासाठी चालेल, हे यूएससीआयएस ही अमेरिकेची इमिग्रेशन संस्था दर महिन्याला जाहीर करते.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे तारीख लवकर पडणे. ती अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या दिवशी पडत नाही आणि कंपनीने आश्वासन दिल्याच्या दिवशी तर नाहीच. त्या पदासाठी पात्र अमेरिकी कामगार मिळत नाही हे दाखवणारा पर्मचा अर्ज कंपनी श्रम खात्याकडे दाखल करते, तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. त्याआधी प्रचलित वेतनाचा निर्णय मिळवणे आणि जाहिराती देणे यांत बरेच महिने जातात. त्यामुळे ‘ग्रीन कार्ड करून देऊ’ या वाक्यावर समाधान न मानता, रुजू झाल्यापासून किती महिन्यांत पर्मची प्रक्रिया सुरू होईल, हे प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वीच लेखी घ्यावे. पुढे आय-१४० हा कंपनीने तुमच्यासाठी करायचा ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर झाला की ती तारीख तुमची होते: नवीन कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण जुनी तारीख त्यांना लावता येते. मंजुरीला १८० दिवस होण्याआधी मात्र नोकरी सोडू नये, कारण त्यानंतर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी त्याच्या आधारे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढवता येतो.

तुम्ही लिहिले नाही, पण सर्वांत आधी विचारायला हवे ते हे, की कंपनी तुम्हाला कोणत्या व्हिसावर पाठवते आहे. एल-१बी, म्हणजे कंपनीतल्या विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याच्या बदलीचा व्हिसा, असेल, तर मुदत पाच वर्षांची आणि मंजूर आय-१४० असूनही ती वाढत नाही. तेवढ्यात एच-१बी च्या सोडतीत नाव लागले नाही, तर परतावे लागेल. याउलट पुण्यात तुम्ही किमान एक वर्ष खऱ्या अर्थाने व्यवस्थापक असाल आणि एल-१ए या व्यवस्थापकांच्या बदलीच्या व्हिसावर त्याच स्वरूपाच्या पदावर जाणार असाल, तर ईबी-१ च्या बहुराष्ट्रीय व्यवस्थापक वर्गाचा विचार होऊ शकतो. त्याला पर्म लागत नाही, आणि त्याच बुलेटिनमध्ये भारताची ईबी-१ ची तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती. ईबी-२ की ईबी-३ (पदवीधर आणि कुशल कामगारांचा वर्ग) यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण त्या महिन्यात ईबी-३ ची तारीख २२ ऑगस्ट २०१३, म्हणजे ईबी-२ च्या थोडीच पुढे होती. एवढ्या फरकासाठी आजच डोके शिणवू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. देशाची मर्यादा नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मस्थानावर ठरते. गोव्यात जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूसही भारताच्याच रांगेत उभा राहतो. पण तुमच्या पत्नीचा जन्म मस्कत किंवा दुबईत झाला असेल, जसा आखाती देशांत नोकरी केलेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुलामुलींचा झाला आहे, तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत तुम्हा तिघांना जाता येते. मुलगी अमेरिकेत जन्मली असती, तरी तिच्या जन्मस्थानाचा आईवडिलांना उपयोग झाला नसता.

मुलीचा प्रश्न मला तुमच्या प्रतीक्षेपेक्षा गंभीर वाटतो. एकवीस वर्षे पूर्ण झाली की ती तुमच्या अर्जातून आणि एच-४ किंवा एल-२ या कुटुंबीयांच्या व्हिसामधून बाहेर पडते. कायदा तिच्या वयातून आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वजा करू देतो, पण ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस हे वय पुन्हा फायनल अॅक्शन डेट्सच्या तक्त्यावरूनच मोजते, आणि त्या तक्त्यात पाळी उशिरा येते. तुमच्याजवळ पंधरा वर्षे आहेत आणि ईबी-२ ची रांग तेवढ्यात संपेल असे मला वाटत नाही. तिला पुढे स्वतःच्या विद्यार्थी व्हिसावर शिकावे लागेल असे धरूनच निर्णय घ्या.

निघण्यापूर्वी जुन्या प्रत्येक कंपनीकडून पद, तारखा आणि प्रत्यक्ष काम नमूद केलेले अनुभवपत्र घ्या, कारण पर्मसाठी ते लागते आणि बंद पडलेल्या कंपनीकडून ते मिळवणे अवघड असते. तिघांचेही जन्मदाखले महानगरपालिकेकडून नव्याने काढून त्यांवर पूर्ण नाव आहे आणि ते पासपोर्टशी जुळते, हे पाहून घ्या. जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाचे नावच लिहिलेले नसते, आणि ती दुरुस्ती नाशिकमध्ये राहून करणे न्यू जर्सीतून करण्यापेक्षा फार सोपे आहे.