92 चा मुलगा

"मॅडम, हा 92 चा निघाला. आता काय करायचं?" वडिलांनी नीट बसायच्या आत बुद्ध्यांक चाचणीचा कागद पुढे केला. ताप किती चढला हे सांगावं तसा सूर. मुलगा सातवीतला, शेजारी मान खाली घालून बसलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आईच्या पिशवीत आणखी एक अहवाल होता. गुळगुळीत, रंगीत, बोटांचे ठसे घेऊन बनवलेला. त्यात चिरंजीव 'संगीतात अव्वल'. गातोस का, विचारलं, तर त्यानं जोरात मान हलवली. नाही!

तो रंगीत अहवाल आधी बाजूला ठेवला. बुद्धिमत्ता एकच नसते. भाषिक, तार्किक, अवकाशीय, सांगीतिक अशा वेगवेगळ्या असतात, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं. त्यावर मानसशास्त्रात आजही वाद आहेत. पण बोटांच्या ठशांचा त्या मांडणीशी काडीचाही संबंध नाही. "सहा हजार गेले," आई पुटपुटली.

मग 92. सरासरी 100 धरतात, 90 ते 109 म्हणजे चारचौघांसारखा. घाबरण्यासारखं काही नाही. मला खटकलं ते आतल्या पानावर: शाब्दिक भाग 80, कृतीचा भाग 104. या दोन टोकांची सरासरी काढून 92 आले होते. चाचणी शाळेनं घेतलेली, इंग्रजीतून.

"घरी काय बोलता?"

आई हसली. "आम्ही शिरपूरकडचे. घरात अहिराणीच."

मुलाला म्हटलं, सुट्टीत गावी काय करतोस ते सांग, हव्या त्या भाषेत. सुरुवातीला अडखळला. मग कपाशीच्या ठिबकवर आला आणि थांबेचना. शेवटच्या ओळींना पाणी कमी पडत होतं. आजोबा म्हणत, मोटार थकली. यानं फिल्टर उघडून गाळ काढला, तरी फरक नाही. मग सगळे व्हॉल्व्ह एकदम न उघडता पाळीपाळीनं उघडले. "दाब वाटला जातो ना," असं म्हणत त्यानं माझ्याच पॅडवर नळ्यांचा नकाशा काढला. वडील बघत राहिले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसला पहिली बुद्धिमत्ता चाचणी बनवली ती शाळेत कुणाला जादा मदत लागेल हे शोधायला. मीही या 80 कडे तसंच पाहिलं. मदत हवी आहे, इंग्रजी वाचनाची, आणि ती टाळून चालणार नाही. परीक्षेचा पेपर काही ठिबक लिहिणार नाही, त्यालाच लिहायचा आहे. रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, आणि विज्ञानाचा धडा आधी घरच्या भाषेत समजावणं, असं ठरलं.

"परत चाचणी करू या का, अहिराणीत?" आईनं विचारलं.

अहिराणीतली माझ्याकडे नाही, मराठीतली आहे. पण लगेच नको, सरावानं आकडा फुगतो. पुढच्या वर्षी या, म्हटलं. वडिलांनी खिशातून पेन काढलं आणि रंगीत अहवालाच्या पाठीवर महिना लिहून घेतला.